जुनी पेटी : मोल आणि किंमत



जुन्या वस्तूची किंमत ठरविणे हे नव्या वस्तूची किंमत ठरविण्याहून पुष्कळ अवघड काम आहे. नव्या वस्तूला लागलेला माल, कारागिराची मजुरी आणि दुकानदाराचा नफा यांची बेरीज केली की हिशेब जुळतो. जुन्या वस्तूच्या बाबतीत यांपैकी एकही आकडा हाती नसतो. कारागीर बहुधा हयात नसतो, तसा माल आता मिळत नाही, आणि विकणारा मनुष्य त्या वस्तूला एक तर अडगळ समजतो किंवा अनमोल ठेवा समजतो. या दोन्ही समजुतींनी नुकसान होते. पहिलीने विकणाऱ्याचे आणि दुसरीने घेणाऱ्याचे. या प्रश्नाचा विचार आज एका अत्यंत परिचित वस्तूच्या संबंधात करावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे बाजाची पेटी, अर्थात हार्मोनियम.

आपल्या नगर जिल्ह्यात, ज्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर असे झाले, पेटी कोठे पोहोचली नाही असे विचारले तर उत्तर देणे कठीण पडेल. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरास काम सुरू केले, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी येथील वास्तव्यात जी भजने व कीर्तने रचली ती पेटीच्या साथीने घरोघरी गाइली गेली. शिर्डीच्या भजनात पेटी आहे, संगमनेरकडच्या तमाशाच्या फडात पेटी आहे, आणि शहरातील जुन्या वाड्यांतूनही माळ्यावर, जुन्या धोतरात गुंडाळलेली, एखादी पेटी असतेच. वाडे उतरविले जात आहेत आणि त्यांबरोबर या पेट्याही बाहेर पडत आहेत. बोहारीण भांडी देऊन कपडे नेते, तशी एखादी पेटी रद्दीच्या भावाने जाते. आणि तीच पेटी दोन महिन्यांनी एखाद्या वादकाच्या बैठकीत फार मोठ्या किमतीची म्हणून मिरवते. हे कसे होते, ते समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम या वाद्याची कुळकथा थोडक्यात सांगतो. पॅरिस येथील अलेक्झांद्र दबँ यांनी 1842 मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायाने भाता चालविण्याचे होते. हिंदुस्थानात वादक मांडी घालून बसणारा, त्यामुळे भाता पाठीमागे आला आणि हाताने चालू लागला. हाताच्या पेटीचा प्रसार करणाऱ्यांत कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांचे नाव अग्रभागी आहे. महाराष्ट्रात मात्र पायपेटी, म्हणजेच ऑर्गन, संगीत नाटकांच्या आश्रयाने रंगभूमीपुढे दीर्घकाळ मानाने नांदली. 'मानापमान' हे नाटक 1911 मध्ये रंगभूमीवर आले, त्याला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः पेटीचे थोर वादक होते. पुढे पी. मधुकर, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी हाताच्या पेटीला स्वतंत्र मैफलीचे वाद्य म्हणून प्रतिष्ठा दिली. ज्या नभोवाणीवरून मी बोलत आहे तिनेच 1940 मध्ये पेटीला आपल्या दारातून बाहेर काढले होते आणि ही बंदी 1971 पर्यंत सैल झाली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. मींड आणि श्रुती यांविषयीचा तो आक्षेप निराधार नव्हता. तथापि घराघरांतील पेटी त्यामुळे मुकी झाली नाही.

आता पेटीच्या आत डोकावू. लाकडी खोका, भाता, पट्ट्या आणि खटके ही तिची शरीरयष्टी होय. तिचा प्राण सुरांत आहे. सूर म्हणजे पितळेच्या जाड पट्टीवर एका टोकाशी रिव्हेट मारून बसविलेली पितळेचीच पातळ जीभ. वारा आला की ती कंप पावते आणि स्वर उमटतो. खर्ज, नर आणि मादी अशा या सुरांच्या ओळी फळीवर बसविलेल्या असतात. स्वर चढा करावयाचा असेल तर जिभेचे टोक कानशीने किंचित घासतात. उतरवावयाचा असेल तर मुळाशी घासतात. म्हणजे प्रत्येक वेळी सूर लावताना थोडे धातू निघून जाते आणि ते पुन्हा भरून येत नाही. फ्रान्सने 1859 मध्ये ज्याला आपण पांढरी सहा म्हणतो त्या मध्य सप्तकातील स्वराची सेकंदास 435 आंदोलने ठरविली होती. आज जगभर 440 हे प्रमाण चालते. त्या जुन्या प्रमाणावर लावलेला सूर आजच्या प्रमाणावर आणावयाचा तर त्याचे टोक घासावेच लागते. जुन्या पेटीची किंमत करताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

पूर्वी हे सूर पॅरिसहून आणि जर्मनीहून येत. पॅरिसच्या 'कास्रिएल'चे व जर्मनीच्या 'ज्युबिलेट'चे नाव जुने वादक आजही आदराने घेतात. दुसऱ्या महायुद्धाने ही आयात मोडली आणि पुढे तो माल येणे थांबले. गुजरातेत पालिताणा येथे व अन्यत्र देशी सूर तयार होऊ लागले. आजच्या बहुतेक पेट्या त्यांवरच वाजतात. परदेशी सूर नव्याने येत नाहीत, जुने झिजतात, हरवतात, गंजतात. संख्या घटत जावी आणि मागणी टिकावी, मग किंमत चढली तर आश्चर्य कसले?

असाच बाजार दूरदेशी एका अगदी निराळ्या वाद्याचा भरला आहे. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात 1951 मध्ये विजेवर चालणारी खर्जाची गिटार, म्हणजे बास गिटार, 'प्रिसिजन' या नावाने बाजारात आणली आणि 1960 मध्ये 'जॅझ' ही दुसरी जात आणली. जानेवारी 1965 मध्ये त्यांनी आपला कारखाना 'सीबीएस' या कंपनीस विकला. तेव्हापासून त्या तारखेपूर्वीची बास आणि नंतरची बास असे दोन वर्ण पडले व पहिल्याची किंमत दिवसेंदिवस वाढत गेली. तेथील परीक्षक मानेच्या बुडाशी शिसपेनीने लिहिलेली तारीख पाहतात, आवाज कमीजास्त करणाऱ्या भागावरील सांकेतिक आकड्यांवरून तो भाग कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात झाला ते काढतात, रोगण मूळचे आहे की पुन्हा चढविलेले आहे ते पारखतात. रोगण नवे असेल तर वाद्य तसेच वाजत असूनही मोल निम्म्यावर येते, असा त्या व्यापारातील ढोबळ ठोकताळा आहे. पुढे 1982 मध्ये त्याच कारखान्याने आपल्या 1957 व 1962 च्या नमुन्यांच्या हुबेहूब नव्या आवृत्त्या काढल्या. आणि 1990 नंतरच्या दशकात तर मुद्दाम ओरखडे पाडून, रोगण झिजवून जुनी दिसणारी नवी वाद्येही विकावयास ठेवली. नवी म्हणूनच ती विकली जातात, तोवर त्यांत लबाडी नाही.

या बाजारातील एक गोष्ट नगरकरांनी ऐकण्यासारखी आहे. नगरच्या दक्षिणेस अरणगावजवळ मेहेराबाद येथे मेहेरबाबांची समाधी आहे. 'द हू' या इंग्रज वादकमंडळीचे पीट टाउनशेंड हे बाबांचे अनुयायी; त्यांच्या 1971 च्या एका प्रसिद्ध गाण्याच्या नावातच 'बाबा' हा शब्द आहे. या मंडळीत बास वाजविणारे जॉन एंटविसल हे बास गिटारींचे मोठे संग्राहक होते. 2002 मध्ये ते निवर्तले आणि पुढील वर्षी लंडनला त्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला. त्यात सर्वांचे लक्ष वेधले ते एका अशा बासने, जी त्यांनी पाच मोडक्या वाद्यांचे तुकडे जोडून तयार केली होती. परीक्षकाच्या कोष्टकात अशा वाद्याला काय स्थान? पण तिला बासष्ट हजार पौंडांहून अधिक किंमत आली, कारण ती कोणाच्या हातांत वाजली होती हे सर्वांना ठाऊक होते.

यावरून दोन निरनिराळ्या गोष्टी स्पष्ट होतात. वस्तूचे मूळपण ही एक, आणि वस्तूचा ज्ञात इतिहास ही दुसरी. संग्राहक रोगणाच्या पापुद्र्यालाही पैसे मोजतो. वादक फक्त स्वराला मोजतो. आपल्याकडे जुनी पेटी घेणारा बहुतेक वेळा वादक असतो. म्हणून भात्याचे चामडे बदलले, स्प्रिंगा नव्या घातल्या, लाकडाला पॉलिश केले, तरी पेटीचे मोल उतरत नाही, उलट वाढते. पण सूर बदलले असतील तर ती केवळ जुन्या खोक्यातील नवी पेटी होय. 'जुने ते सोने' ही म्हण खरी असेल, परंतु सोन्यालाही कसोटीचा दगड लागतो.

ही कसोटी काय ते सांगतो. प्रथम भाता भरून एकही पट्टी न दाबता स्वस्थ बसावे. भाता किती वेळाने खाली येतो ते पाहावे. लगेच बसला तर वारा कोठेतरी निसटतो आहे. पण हा दोष दुरुस्तीने जातो, त्याला भिऊ नये. नंतर अगदी मंद वाऱ्यावर एकेक पट्टी दाबावी. उत्तम सूर फुंकरीसरशी बोलतो. रखडत बोलणारा सूर वाकलेला, मळलेला किंवा हलक्या प्रतीचा असतो. मग सप्तकाची जोडी, म्हणजे खालचा षड्ज आणि वरचा षड्ज, एकत्र वाजवावी. आवाजात लाटा उठल्या तर सूर लावावे लागतील. शेवटी जाणत्या कारागिराकडून पेटी उघडून घ्यावी आणि जिभांवरील कानशीच्या खुणा पाहाव्यात. टोके व मुळे दोन्ही खोल घासलेली असतील तर नाव पॅरिसचे असले तरी आयुष्य सरत आले आहे असे समजावे. सर्व सूर एकाच घडणीचे आहेत की निरनिराळ्या पेट्यांतून वेचून आणले आहेत, हेही त्याच वेळी कळते. ठशावर मात्र भिस्त ठेवू नये. ठसा मारणे सोपे आहे. पट्टीची सफाई, जिभेची एकसारखी जाडी आणि रिव्हेटचे नेटके काम यांची नक्कल करणे तितके सोपे नाही. पट्ट्यांवर हस्तिदंत असल्याचे कोणी कौतुकाने सांगितले तर सावध व्हावे. हस्तिदंताच्या व्यापाराला आपल्या देशात कायद्याने बंदी आहे.

आता या व्यवहारातील खरी हानी सांगतो. रद्दीच्या भावाने घेतलेल्या पेटीतून सूर काढून घेतात, ते नव्या चकचकीत खोक्यात बसवितात, आणि उरलेला सागवानी सांगाडा चुलीच्या कामी जातो. सूर वाजत राहतात, हे खरे. तेवढ्यापुरते हे कृत्य क्षम्यही आहे. परंतु पुष्कळदा सगळा संच एका ठिकाणी जात नाही. बारा सूर एका पेटीत, वीस दुसऱ्या पेटीत, आणि त्या दोन्ही पेट्या 'पॅरिसच्या' म्हणून विकल्या जातात. माळ तुटली आणि मणी दहा घरी गेले, तर त्या माळेची किंमत कोणालाच मिळत नाही. विकणाऱ्याला मिळाली नाही, घेणाऱ्याला पूर्ण वाद्य मिळाले नाही, आणि एका कारागिराने एका कानाने जुळविलेला स्वरसमूह कायमचा नाहीसा झाला.

मग नव्या पेट्या टाकाऊ का? मुळीच नाही. आजचा चांगला कारागीर देशी सुरांतूनही गोड पेटी घडवितो. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध करून नभोवाणीने घेतलेल्या जुन्या आक्षेपालाच उत्तर देण्याचा यत्न केला. शिकणाऱ्या मुलासाठी पेटी घ्यावयाची असेल तर प्रामाणिकपणे नवी म्हणून विकलेली नवी पेटी घ्यावी. जुनेपणाच्या नावाखाली दुप्पट दाम मोजू नये. आक्षेप नव्यावर नाही, नव्याला जुने म्हणण्यावर आहे.

ज्यांच्या घरी जुनी पेटी आहे त्यांना तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली ही, की किंमत ज्याला घ्यावयाची आहे त्यालाच विचारू नये. दोन निरनिराळ्या कारागिरांना मजुरी देऊन पेटी दाखवावी, आणि त्यांचे म्हणणे जुळते का ते पाहावे. दुसरी ही, की विकावयाची झाल्यास पेटी सुरांसह अखंड विकावी, आणि शक्यतो वाजविणाऱ्यास विकावी. तिसरी सूचना सर्वांत स्वस्त व सर्वांत मोलाची आहे. पेटी कोणी घेतली, कोठून घेतली, घरात कोण वाजवीत असे, सूर केव्हा व कोणाकडून लावले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहावे आणि तो कागद पेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवावा. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे होण्यासारखे आहे. त्या लंडनच्या लिलावात तुकडे जोडलेल्या वाद्याला जी किंमत आली ती अशाच माहितीने आली.

आणि ज्यांना पेटी विकावयाची नाही त्यांनी ती निदान आठवड्यातून एकदा उघडावी. न वाजविलेल्या पेटीच्या भात्याचे चामडे कडक होते, सुरांवर हिरवट गंज चढतो आणि लाकडात कसर शिरते. माळ्यावर जपून ठेवलेल्या पेटीचे मोल वर्षानुवर्षे कमी होत जाते. घरातील मुलांच्या बोटांखाली असलेल्या पेटीचे टिकते. किंमत बाजार ठरवील, ती त्याची सत्ता आहे. मोल राखणे मात्र ज्याच्या घरात पेटी आहे त्याच्याच हाती आहे.