गंडीपेटचे पाणी

हैदराबादेत एक जुना समज आहे. ज्याने एकदा गंडीपेटचे पाणी प्यायले, तो हे शहर सोडून जात नाही म्हणतात. माझ्या वडिलांच्या बाबतीत तो खरा ठरला. मराठवाड्यातून दोन वर्षांच्या नोकरीसाठी म्हणून ते आले आणि इथलेच झाले.

हे पाणी शहराला लाभले ते एका संकटातून. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले, असे सांगतात. ते झाड आजही दाखविले जाते. पुढच्याच वर्षी निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुण्याजवळच्या खडकवासला धरणाला स्वयंचलित दरवाजे बसविणारे हेच ते अभियंते. शहराच्या वरच्या अंगाला धरणे बांधून पूर अडवावा, असे त्यांनी सुचविले. त्याप्रमाणे मुसीवर 1920 साली उस्मानसागर, म्हणजेच गंडीपेट, आणि ईसी नदीवर 1927 साली हिमायतसागर पुरा झाला. बांधले पुरासाठी, पण पिढ्यान् पिढ्यांची तहान त्यांनीच भागविली. शिवाय तलाव उंचावर आणि शहर उताराला, त्यामुळे पाणी आपल्या पायांनी चालत येई. पंपाची गरज नव्हती.

त्या काळी शहराची वस्ती पाच लाखांच्या घरात होती. 2011 च्या जनगणनेत ती 67 लाखांच्या पुढे गेली. तेव्हा पाण्यासाठी दूर जाणे ओघानेच आले. आधी मांजरा. ही नदी बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, म्हणून आम्हां मराठवाड्याकडच्यांना ती घरचीच वाटते. मग शंभराहून अधिक किलोमीटरांवरून कृष्णा आली आणि 2015 पासून पावणेदोनशेहून अधिक किलोमीटरांवरून गोदावरी. हे शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंच, तर नागार्जुनसागर त्याच्या कितीतरी खाली. प्रत्येक घागर तीनशे मीटरांहून अधिक चढवून आणायची, तीही विजेच्या बळावर. वीज फुकट मिळत नाही, हे ध्यानात घ्यावे.

दूरचे पाणी नको होते, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. 2016 च्या उन्हाळ्यात दोन्ही जुने तलाव आटले, मांजरा आणि सिंगूरही कोरडे पडले. त्या वेळी कृष्णा-गोदावरी नसत्या, तर आम्ही काय केले असते कोण जाणे. मात्र दूरचे पाणी येऊ लागताच जवळच्याची किंमत उतरली, हे मला बोचते. या दोन तलावांच्या दहा किलोमीटर परिसरात मोठी बांधकामे होऊ नयेत, असा निर्बंध 1996 साली 111 क्रमांकाच्या आदेशाने घातला गेला होता. एप्रिल 2022 मध्ये सरकारने तो उठविण्याचा आदेश काढला. शहराला आता या तलावांच्या पाण्याची फारशी गरज उरली नाही, हे कारण पुढे करण्यात आले. तेथील शेतकऱ्यांची बाजूही खोटी नव्हती. शेजारच्या जमिनीला सोन्याचा भाव येत असताना त्यांनी पंचवीस वर्षे हात बांधून बसावे, हा न्याय कसा? त्यांना मोबदला द्यावयास हवा होता. तो द्यावयाचा नाही आणि निर्बंधही ठेवावयाचा नाही, हा मार्ग सोपा होता, इतकेच.

माझ्या वर्गात गंडीपेटच्या बाजूने येणारी एक मुलगी आहे. 2024 च्या मार्च-एप्रिलात ती आठवड्यातून दोनदा उशिरा येई. मी रागावलो, तेव्हा कळले की कूपनलिका आटली आहे. टँकर सकाळी केव्हा येईल याचा नेम नाही, आईवडील कामावर, म्हणून टाकी भरेपर्यंत तिने थांबायचे. 2021 पासून शहरात नळजोडणी असलेल्या घरांना महिन्याला वीस हजार लिटर पाणी मोफत मिळते. हिच्या घरी नळच नाही. ते पाणी विकत घेतात. मी विचारले, “घर तलावापासून किती लांब?” ती म्हणाली, “सर, गच्चीवरून दिसतो.”

त्या दिवसापासून हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी उशिराची खूण करीत नाही.