रक्ताची गुठळी आणि कर्करोग

आर्मां त्रूसो हे पॅरिस येथील एक नामांकित वैद्य. ओतेल द्यू या जुन्या रुग्णालयांतील त्यांचीं व्याख्यानें दूरवर गाजलेलीं होतीं. त्यांपैकीं १८६५ सालच्या एका व्याख्यानांत त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, कर्करोग शरीरांत दडलेला असतां कधीं कधीं शिरेंत झालेली रक्ताची गुठळी हीच त्याची पहिली वर्दी असते. पुढें १८६७ सालीं त्यांच्याच शिरेला सूज आली. तिचा अर्थ त्यांना दुसऱ्या कोणी सांगावयास नको होता. आतां आपली आशा नाहीं, असें त्यांनीं आपल्या शिष्यास सांगितलें. आणि त्याच वर्षाच्या जूनमध्यें जठराच्या कर्करोगानें त्यांचा अंत झाला.

जखम होतांच रक्त गोठतें, हा निसर्गाचा उपकारच होय. परंतु कर्करोगाच्या पेशी रक्त गोठविणारीं द्रव्यें भलत्याच वेळीं रक्तांत सोडतात. शस्त्रक्रिया, कांहीं औषधें आणि दीर्घकाळ अंथरुणास खिळणें यांचीही त्यांत भर पडते. पायाच्या खोल शिरेंतील गुठळी सुटून फुप्फुसांत अडकली, तर प्राणांवर बेततें.

त्रूसो यांच्या हातीं निदान होतें, उपाय नव्हता. १९१६ सालीं बाल्टिमोर येथें हेपॅरिनचा शोध लागला आणि पुढें तो उपाय हातीं आला. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, डाल्टेपॅरिनची रोजची टोचणी घेणाऱ्या कर्करोग्यांत पुन्हां गुठळी होण्याचें प्रमाण जुन्या गोळ्या घेणाऱ्यांच्या सुमारें निम्मेंच आढळलें. आतां नव्या गोळ्याही मिळतात. मात्र जठराच्या व आंतड्यांच्या कर्करोगांत त्यांपासून रक्तस्रावाचा धोका अधिक असल्यामुळें, निवड डॉक्टरांवरच सोपवावी.

अशा रोग्याच्या घरीं चिंता दुहेरी असते: रक्त गोठलें तरी भय, वाहिलें तरी भय. म्हणून एकाच पायाला वा हाताला सूज येणें, पोटरी ठणकणें, एकाएकीं दम लागणें, छातींत कळ येणें यांपैकीं कांहीं घडल्यास सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. शौचास काळें होणें, रक्त न थांबणें, डोक्यास मार लागणें हींही तितकींच निकडीचीं कारणें होत. औषधाची वेळ चुकवूं नये. अंगदुखीवर ॲस्पिरिनसारखी गोळी परस्पर घेऊं नये. दांत काढण्यापूर्वीं दंतवैद्यास औषधाची कल्पना द्यावी. आणि झेपेल तितकें चालावें.

त्रूसो यांना त्या सुजेंत केवळ शेवट दिसला. आज तीच सूज वेळेवर ओळखली, तर पुष्कळ रोग्यांस पुढील उपचारांकरितां अवधि मिळतो.