ओटा कोरडा कापू नका

जुना हॉब ६० सेंटीमीटरचा, नवा आणला ९० चा. मग फोन येतो, "दोन पोरं पाठव, ओटा जागेवरच कापा." बंद किचन, चार इंची ग्राइंडर, तोंडाला गमछा. दुबईत हे नेहमीचंच.

ओटा क्वार्ट्झचा असेल तर थांबा. तो खाणीतला अखंड दगड नाही, रेझिनमध्ये दाबलेला चुरा असतो. त्यात सिलिका ९० टक्क्यांच्या पुढे असू शकते, ग्रॅनाइटमध्ये निम्म्याहून कमी. दिसत नाही ती धूळच फुफ्फुसात जाऊन बसते. सिलिकोसिस बरा होत नाही, वर टीबीही लवकर धरतो. आणि व्हिसाच्या मेडिकलला छातीचा एक्स-रे असतोच. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदीच घातली.

म्हणून फोरमनला सांगा, माप आणि टेम्प्लेट आम्ही घेतो, स्लॅब वर्कशॉपमध्ये पाण्यावर कापा. एकटा बोलला की सुपरवायझर चिडतो, मी स्वतः सुपरवायझर आहे. चौघांनी मिळून बोला.

जागेवरच कापायची वेळ आली तर पाण्याच्या नळीचा कटर आणि पी३ फिल्टरचा मास्क मागा, दाढी करून घाला. साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतू नका, शॉक बसेल. नंतर झाडू नको, ओलं फडकं मारा. ते कपडे रूमवर झटकू नका, शेजारच्या खाटेवरचाही तीच धूळ ओढतो.