एकांच्या रांगेतील मूळ संख्या
(शिक्षक संमेलनातील भाषण)



देवळालीच्या शाळेत गणित शिकविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९६२ साली निवृत्त झाले. ११, १११, ११११ यांचे वर्ग १२१, १२३२१, १२३४३२१ असे चढत-उतरत जातात; अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ हे नाव डोंबिवलीच्या स्थानकावरून दिले. मला आज त्या वर्गांविषयी नव्हे, तर त्यांच्या मुळाशी असलेल्या एकांच्या रांगेविषयी बोलावयाचे आहे.

या रांगांतील मूळ संख्या कोणत्या? ११ ही मूळ आहे. सहा एकांचे तीन-तीनांचे दोन गट पाडले, की १११ ने भाग जातो हे मुलांना पाटीवर दिसते. एकांचे समान गट पडले, की संख्याही विभागली जाते. तेव्हा रांग मूळ असावयाची, तर एकांची गणतीही मूळ असली पाहिजे.

एके वर्षी वर्गातील एका हुशार मुलाने हे उलटे मांडले: गणती मूळ असली, की संख्या मूळच. मी ‘शाबास’ म्हणून मोकळा झालो. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीहून परतलेल्या मुलांना आपण गणितात कच्ची समजून मागे बसवितो. त्यांतीलच एकाने १११ ला ३ ने भागून ३७ आणले आणि पाटी मुकाट्याने माझ्यापुढे धरली. एवढ्या एका भागाकाराने नियम कोसळला. पुढे आम्ही पाच एक पाहिले: ४१ गुणिले २७१. सात एक: २३९ गुणिले ४६४९. सतरा एकही विभाज्यच निघतात.

एकोणीस एकांची १११११११११११११११११११ ही संख्या मात्र मूळ आहे. हे केवळ भागून ठरवावयाचे, तर सुमारे १०५ कोटींपर्यंतच्या सर्व मूळ संख्या घ्याव्या लागतील. म्हणजे पाच कोटींहून अधिक भागाकार! म्हणून गणितज्ञांनी निराळ्या कसोट्या शोधल्या. तेवीस एकांचीही मूळ आहे. त्यानंतर थेट ३१७ एकांची. तिची सिद्धता १९७८ साली, संगणकाच्या साहाय्याने, प्रसिद्ध झाली. १०३१ एकांची १९८६ साली सिद्ध झाली.

अशा मूळ रांगा कोठे संपतात का, असे त्याच मुलाने विचारले. ते अद्याप जगात कोणालाही सिद्ध करता आलेले नाही, असे मी त्याला सांगितले. दुसऱ्या दिवशी तो अकरा एक लिहून घेऊन आला.