मतलई वारा, कामठा आणि आपला बांबू

(डिसेंबर २००८ मध्ये वाड्यांच्या मेळाव्यात एका जुन्या कार्यकर्त्याने केलेलं भाषण. ज्या वाड्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. वाडीच्या बैठकीत कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं.)



मघाशी ताईंनी वनहक्काचा कायदा समजावला. मला म्हणाले, तुम्ही पुराव्यावर बोला. म्हणून मी हे दोन कामठे घेऊन आलो. एक धड आहे, एक मोडका. पोरं हसली, म्हातारा शिकारीला निघाला म्हणाली. शिकारीला नाय निघालो. या दोघांची गोष्ट ऐका, मग पुराव्याचं बोलू.

मोडका आहे तो माझ्या आजानं केलेला. मी सोळा-सतरा वर्षांचा होतो. दिवाळी झाली आणि बापानं आम्हाला कोळशाच्या भट्टीवर नेलं, वर घाटावर. मी हा कामठा सोबत घेतला. आजा म्हणाला, "हा खाऱ्या वाऱ्यातला हाय. वर नेऊ नको. नेलास तर तेल पाज आन् दोरी उतरून ठेव." मी कुठला ऐकतोय! दोरी चढवलेलीच ठेवून झोपडीच्या कुडाला टांगला. दिवसा घाटावरचा कोरडा वारा, रात्री भट्टीची धग. दीड महिना गेला. एका पहाटे थंडीत उठलो आणि एकदम कानापर्यंत ताणला. कडाड झालं. पाठीकडची साल उचलली आणि दोन तुकडे हातात आले.

मला वाटलं कामठाच कच्चा होता. तसं नव्हतं. आजाचं काम पक्कं होतं, मी हवा ओळखली नाय.

आता हवेचं सांगतो. लाकूड तोडलं तरी ते हवेतून पाणी घेतं आणि हवेला पाणी देतं. आपल्या किनाऱ्याला पावसाळ्यात सुकलेल्या लाकडातसुद्धा, शंभर किलो कोरडं लाकूड धरलं तर सोळा-अठरा किलो पाणी असतं. हिवाळ्यात ते दहा-अकरावर येतं. घाटावर उन्हाळ्याच्या तोंडाला सात-आठवर. पाणी जास्त असेल तर कामठा मऊ पडतो, ताणला की वाकलेलाच राहतो, तीर जवळ पडतो. पाणी कमी झालं की कामठा कडक होतो. तीर लांब जातो, पण तोच कामठा मोडतोही लवकर. चांगला कामठा या दोघांच्या मधे असतो.

आपल्याकडे हिवाळ्यात दोन वारे असतात. रात्री आणि पहाटे डोंगराकडून समुद्राकडे जातो तो मतलई, कोरडा. दुपारनंतर समुद्राकडून येतो तो खारा, ओलसर. मतलई लाकडातलं पाणी काढतो, खारा थोडं परत देतो. त्यामुळे लाकूड हळूहळू सुकतं. घाईनं सुकलं तर बाहेरचा भाग आकसतो, आतला ओलाच राहतो, मग ते तडकतं. टोकांतून पाणी सगळ्यात लवकर जातं, म्हणून भेग आधी टोकाला पडते. म्हणून जुनी माणसं टोकांना शेणमातीचा लेप देत होती. उगाच नाय.

हा धड कामठा मी केला, चार हिवाळे झाले. कसा केला ते पोरांनी ऐकावं. दिवाळीनंतर अंधाऱ्या पाखात बेटात गेलो. तीन-चार वर्षांचा, भरीव, सरळ बांबू निवडला. त्या वर्षीच्या कोवळ्या कोंबाला हात लावला नाय. पावसाळा संपून थंडी पडली की बांबूतला गोडवा कमी झालेला असतो, म्हणून त्याला भुंगा कमी लागतो. घरी आणून उभा चिरला. अख्खा ठेवला तर आकसताना तडकतो, चिरलेला मोकळा आकसतो. टोकांना लेप दिला. पहिला महिना पडवीत सावलीला, जमिनीपासून वर, आडवा ठेवला. उन्हात नाय, चुलीवर नाय. त्यानंतर माळ्यावर, जिथं धूर पोचतो.

सुकला कधी म्हणायचा? वाण्याच्या तराजूवर आठ-आठ दिवसांनी तोला. ओल्या बांबूचं निम्म्यापर्यंत वजन पाण्याचं असतं, त्यामुळे आधी भराभर उतरतं, मग सावकाश. ज्या दिवशी उतरायचं थांबलं, त्या दिवशी तो आपल्या हवेशी बरोबर झाला. मग तासायला घ्या. सालीची बाजू तासू नका, सगळा जोर तिच्यात असतो. पोटाची बाजू तासा, दोन्ही अंगं सारखी वाकेपर्यंत. मग करंजाचं तेल द्या. तेलानं पाणी जायचं थांबत नाय, पण हळू जातं. काम झालं की दोरी उतरवा. थंडीच्या पहाटे आधी पाच-सात वेळा अर्धा ताणा, मग पुरा. मी हे केलं असतं तर आजाचा कामठा आज शाबूत असता.

धामणीच्या लाकडाचाही फार चांगला कामठा होतो. पण धामण झाड आहे, ती तोडा असं मी इथं सांगणार नाय. का ते आता कायद्यात येतं.

१९२७ च्या जंगल कायद्यात बांबूलासुद्धा झाड म्हटलंय. म्हणजे कामठ्याला, टोपलीला, कुडाला एक बांबू तोडला तरी गुन्हा. याच भीतीनं माझ्या हातून काय झालं ऐका. एका हिवाळ्यात गार्डानं मला बेटात धरला. बांबू गेला, कोयता गेला, वर दंड भरला. पुढच्या साली मी हिवाळ्यात गेलोच नाय. भर पावसात रात्री गेलो, कारण तेव्हा रानात कुणी फिरत नाय. अंधारात मिळेल तो तोडला. पायाखाली नवे कोंब मोडले. घरी आणलेल्या बांबूला भुंगा लागून त्याचं पीठ झालं. बेटाचं नुकसान, माझंही नुकसान. रान राखायला कायदा केला म्हणतात. त्या कायद्यानं मला चांगल्या महिन्यातून काढून वाईट महिन्यात ढकलला.

आता २००६ चा कायदा आला. त्यात बांबूला गौण वनोपज म्हटलंय. गौण वनोपज गोळा करायची, वापरायची, विकायची मालकी आपली आहे असं कलम ३ मधे लिहिलंय. शिकारीचा हक्क या कायद्यात नाय, ते साफ सांगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. फणसाडचं रान नबाबाचं शिकारीचं रान होतं, १९८६ ला अभयारण्य झालं. आपण त्या वादात पडायचं नाय. माझा कामठा देवाच्या कोनाड्यात असतो, तिथून काढतो तो पोरांना नेम शिकवायला. पण हा कामठा माझ्या हातात आहे याचा अर्थ बांबूचं बेट माझ्या माहितीतलं आहे. ते कुठं आहे, त्यातला कुठला बांबू कुठल्या महिन्यात काढायचा, किती ठेवायचा, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. सामूहिक हक्काच्या दाव्यात हेच लिहायचं असतं.

नियमात म्हाताऱ्या माणसांचा जबाबही पुरावा धरलाय. दावा करणाराचा स्वतःचा नाय, दुसऱ्या जाणत्या माणसाचा, लिहून घेतलेला. पण एकच पुरावा पुरत नाय, एकापेक्षा जास्त लागतात. म्हणून नुसतं "आम्ही पूर्वीपासून बांबू आणतो" असं लिहू नका. बेटाचं नाव लिहा, वाट लिहा, महिना लिहा, घराला साधारण किती लागतो ते लिहा. महिना विसरू नका. उद्या कुणी म्हणेल, हक्क दिला पण बांबू जूनमधे न्या. त्या हक्काचं काय करायचं?

आता खरी अडचण. बांबूचा महिना दिवाळीनंतरचा. आणि दिवाळीनंतर आपली वाडी कुठं असते? वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर. उचल घेतलेली असते, पाऊस लागेपर्यंत सुटका नाय. म्हणून पोरं कामठा करायला शिकली नाहीत. आळशी नव्हती, गावात नव्हती. आणि आता दाव्यांवर निर्णय घ्यायला ग्रामसभा लागते, नियमाप्रमाणे तिला दोन तृतीयांश माणसं हजर लागतात. निम्मी वाडी भट्टीवर असेल तर सभाच होत नाय. जमीन कसणारा भट्टीवर आणि पडताळणीला आलेले लोक बांधावर, असं झालं तर कागदावर काय लिहिलं जाईल?

१९३० साली चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला. २५ सप्टेंबरला गोळीबार झाला. हुतात्म्यांत आपला नाग्या कातकरी आहे. तो त्या दिवशी तिथं हजर होता. आपल्याला कुणी गोळी खायला सांगत नाय. हजर राहायला सांगतोय.

तर तीन गोष्टी ठरवून जाऊ. एक, या पंधरवड्यात प्रत्येक वाडीनं दोन म्हाताऱ्या माणसांचे, त्यात एक बाई, जबाब लिहून घ्यावेत. बायांना बेटाची वाट पुरुषांपेक्षा जास्त माहीत असते. दोन, सभेची आणि पडताळणीची तारीख आधी लेखी मागा, आणि भट्टीवर निरोप न्यायची जबाबदारी एका पोरावर टाका. मुकादमाला आजच सांगून ठेवा की त्या दिवशी आम्ही येणार. तीन, ज्याच्या घरात जुना कामठा, टोपली, कणगी असेल त्यानं ती जाळू नये. सभेत आणावी, कुणी केली आणि बांबू कुठल्या बेटातला ते सांगावं.

हा मोडका कामठा मी चाळीस वर्षं ठेवलाय. परवा नातवानं विचारलं, नवा करून देशील का? म्हटलं देईन. पण बांबू आपण दोघं दिवसाउजेडी आणू, दाव्याचा कागद खिशात ठेवून. त्याला अजून एक हिवाळा लागेल. चालेल.

जिंदाबाद.