इंजिनाचा दिवा पुन्हा पुन्हा का लागतो?

दर महिन्याला या वेळेला आम्ही बचत गटातल्या बायका तुमच्याशी बोलायला येतो. कधी कर्जाचा हिशेब असतो, कधी मसाल्याचं पॅकिंग, कधी हिमोग्लोबिन. आज विषय जरा वेगळा आहे. आज आम्ही गाडीबद्दल बोलणार आहोत. 'गाडीचं बायकांना काय कळतं' असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आम्हीही तसंच म्हणत होतो, आणि त्या म्हणण्यापायी गटाचे सहा हजारांवर रुपये गेले. पैशापेक्षा मोठंही काही जाणार होतं, ते पुढे सांगतो.

आमच्या गटाकडे एक व्हॅन आहे. पेट्रोलवर चालणारी, २०१३ सालची, सेकंडहँड घेतलेली. शेवया, पापड, चटण्या घेऊन ती आठवडी बाजाराला जाते. अडीअडचणीला रात्री बाळंतिणीलाही दवाखान्यात पोचवते. गटातलीच एक ताई रीतसर लायसन्स काढून ती चालवते. ही ताई गाडीत एक चाळीस पानी वही ठेवते. कुठे गेलो, किती किलोमीटर झाले, पेट्रोल किती भरलं, सगळं त्यात लिहिते. ही वही लक्षात ठेवा.

मागच्या वर्षी पावसाळा लागला आणि गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायला लागला. इंजिनाचं छोटं चित्र असतं ना, तो. गाडी सुरू व्हायला कुरकुर करायची, पेट्रोलचा वास यायचा, मागून काळा धूर निघायचा. लिटरला चौदा किलोमीटर देणारी गाडी नऊवर आली. पीयूसी काढायला गेलो तर त्यातही नापास.

गॅरेजवाल्यानं स्टिअरिंगच्या खाली असलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड आला पी ०११८. म्हणजे इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर गडबड करतोय. सेन्सर बदलला, ८५० रुपये. दिवा गेला, आम्ही खूश. नऊ दिवसांनी दिवा परत हजर. या वेळी कोड दोन आले, पी ०११३ आणि पुन्हा पी ०११८. गॅरेजवाला म्हणाला, दुसरा जुनाच राहिलाय, पहिला खरा. तो आत येणाऱ्या हवेचं तापमान सांगणारा सेन्सर. तो दाबाच्या सेन्सरसोबत एकत्रच येतो, २,६०० रुपये. दोन आठवडे बरे गेले. मग पी ०१२३. हा थ्रॉटलचा, म्हणजे अॅक्सिलरेटर किती दाबलाय ते सांगणारा. १,९०० रुपये. तिन्ही वेळची मजुरी ३०० प्रमाणे ९००. एकूण ६,२५० रुपये. आणि दिवा? बारा दिवसांनी परत लागला. आता गॅरेजवाला म्हणाला, गाडीचा कॉम्प्युटरच गेलाय, जुना शोधून बसवला तरी अठरा हजार लागतील.

मासिक बैठकीत हा विषय आला. खरं सांगायचं तर त्या बैठकीत आम्ही चांगलं वागलो नाही. गावात बोललं जात होतंच, 'बाईच्या हातात गाडी दिल्यावर असंच व्हायचं.' तेच आमच्यातल्या काहीजणी बैठकीत बोलल्या. क्लच दाबून ठेवत असेल, गिअर चुकीचा टाकत असेल, पेट्रोल कुठलं भरते कोण जाणे. पगारी ड्रायव्हर ठेवावा असा ठरावही कुणीतरी मांडला. ताई काही बोलली नाही. तिनं वही पुढं ठेवली. आम्ही ती उघडलीसुद्धा नाही.

उघडली ती आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशींनी. मावशी तिसरीपर्यंत शिकलेल्या, पण बाजारात तराजू धरून त्यांची हयात गेली. पानं उलटत म्हणाल्या, "हिनं दिवा लागला त्या दिवसापुढं खूण केलीय. सात खुणा आहेत. पाचांपुढं 'पाऊस' लिहिलंय, दोहोंपुढं 'खडीचा रस्ता'. कोरड्या दिवशी डांबरी रस्त्यावर एकदाही नाही. क्लचला काय पाऊस कळतो का?"

मग म्हणाल्या, "आणि तीन-तीन नवे माल घेतले, तिन्ही वजन जास्तच दाखवतात म्हणता. मग मालात खोट कशी? तराजूला पासंग असंल."

ठराव मागे ठेवला. दुसऱ्या दिवशी ताई आणि आम्ही दोघी तालुक्याला एका जुन्या गाडी-इलेक्ट्रिशियनकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी गाडीआधी वही वाचली. मग विचारलं, "जुने पार्ट आणलेत का?" ताईनं पिशवी काढली. बदललेला प्रत्येक भाग तिनं मागून घेऊन ठेवला होता.

चाचांनी पाण्याच्या तापमानाचा जुना सेन्सर घेतला, मल्टिमीटर लावला. त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण २,४०० ओहम. मग शेजारच्या चहाच्या टपरीवरून उकळतं पाणी मागवलं आणि सेन्सरचं टोक त्यात बुडवलं. आकडा भराभरा उतरत तीनशेच्या खाली गेला. चाचा म्हणाले, "हा चांगला होता. थंडीत रोध जास्त, गरमीत कमी, असंच पाहिजे. चांगला सेन्सर काढून तुम्ही नवा बसवलात."

मैत्रिणींनो, आता हे सेन्सर कसे काम करतात ते थोडक्यात सांगतो, कारण हे कळलं की पुढचं सगळं कळतं. गाडीचा कॉम्प्युटर या सेन्सरांना पाच व्होल्ट वीज देतो. सेन्सरमधून ती वीज जमिनीच्या वायरीनं, म्हणजे अर्थिंगनं, परत जाते. मधे किती व्होल्ट राहिले ते मोजून कॉम्प्युटर ठरवतो की पाणी किती तापलंय, हवा किती गरम आहे, अॅक्सिलरेटर किती दाबलाय. म्हणजे जमिनीची वायर हा शून्याचा आकडा. बहुतेक गाड्यांत या सगळ्या सेन्सरांच्या जमिनीच्या वायरी वाटेत एका जोडात एकत्र येतात आणि तिथून एकच वायर कॉम्प्युटरकडे जाते. तो जोड बिघडला की शून्यच वर सरकतो. मग प्रत्येक सेन्सरचे व्होल्ट खऱ्यापेक्षा जास्त दिसतात. आमचे तिन्ही कोड पाहा. पी ०११८, पी ०११३, पी ०१२३. तिन्हींचा अर्थ एकच, 'या सेन्सरचे व्होल्ट प्रमाणापेक्षा जास्त'. मावशी म्हणाल्या तो हाच पासंग.

चाचांनी स्कॅनरवर चालू आकडे दाखवले. इंजिनाजवळची वायर हलवली की पाण्याचं तापमान एकदम उणे ४० अंश! आपल्याकडे उणे ४०? वायर तुटल्यासारखी झाली की कॉम्प्युटरला असाच आकडा दिसतो. त्याला वाटतं इंजिन बर्फासारखं गार आहे, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडतो. म्हणून तो वास, तो काळा धूर, ते नऊचं अॅव्हरेज. ताईच्या पायाचा त्यात काही दोष नव्हता.

मग त्यांनी खरी तपासणी केली. इंजिन चालू, सेन्सरचा प्लग जोडलेलाच. मल्टिमीटरची काळी सुई बॅटरीच्या मायनसला, लाल सुई प्लगच्या मागून सेन्सरच्या जमिनीच्या वायरीला. आकडा शून्याच्या जवळ, फार तर एक दशांश व्होल्टच्या आत हवा. वायरींचा जुडगा हलवला की तो एक व्होल्टच्या वर उडी मारायचा. बॅटरीच्या ट्रेखाली टेप सोडली, तर आत उंदरानं कुरतडलेली वायर, आणि तिच्याजवळचा जोड हिरवागार गंजलेला. पावसाचं पाणी आत जायचं, खडीच्या रस्त्यावर जोड हलायचा. आणि दर वेळी नवा सेन्सर बसवताना गॅरेजवाल्याच्या हातानं तो जुडगा हलायचा, जोड थोडा बसायचा, म्हणून काही दिवस दिवा जायचा. आम्हाला वाटायचं नव्या सेन्सरनं गुण आला!

चाचांनी गंजलेला भाग कापला, चांगल्या तांब्यापर्यंत वायर सोलली, झाळून जोड दिला, वर गरम करून आवळणारी नळी चढवली आणि जुडगा पत्र्यापासून लांब बांधला. सहाशे रुपये मजुरी, साठ रुपये सामान. कोड पुसले. त्यानंतर सगळा पावसाळा गेला, दिवा लागलेला नाही. अॅव्हरेज पुन्हा चौदाच्या घरात आलं. पीयूसी पास झालं.

उंदीर कशानं आला? तेही आमचंच पाप. बाजाराहून परत आल्यावर पापडाची, शेवयांची पोती रात्रभर गाडीतच राहायची. आता पोती त्याच संध्याकाळी उतरवतो, आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून वायरी बघतो. गाडी धुताना इंजिनावर जोराचं पाणी मारू देत नाही.

तुमच्याकडे, तुमच्या मुलाकडे, गटाकडे जुनी गाडी असेल तर एवढं लक्षात ठेवा.

दिवा पिवळा आणि स्थिर असेल तर गाडी सांभाळून गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर इंजिन मिस होतंय, वेग कमी करून थांबा, नाहीतर सायलेन्सरमधला महागडा कन्व्हर्टर जळतो. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर गाडी तिथंच बंद करायची.

दिवा घालवायला बॅटरीची वायर काढू देऊ नका. त्यानं कोड पुसले जातात आणि पुरावा नाहीसा होतो. आधी कोड वाचायचा, कागदावर लिहून घ्यायचा, मग पुसायचा. पुसल्यावर तोच कोड परत आला तर तो 'जुना राहिलेला' नसतो, नव्यानं आलेला असतो.

कोड म्हणजे निकाल नव्हे. कोडात सेन्सरचं नाव येतं, पण दोष सेन्सरमध्ये, प्लगमध्ये, वायरीत किंवा जमिनीत कुठंही असू शकतो. भाग बदलण्याआधी विचारा, "दादा, वायर आणि अर्थिंग मोजलंत का?" एकामागून एक वेगवेगळे सेन्सर बिघडत असतील तर ते सगळे कुठं एकत्र जोडले आहेत ते आधी बघायला सांगा. बॅटरीची टोकं, इंजिनाची अर्थिंगची पट्टी, बॅटरी किती व्होल्ट देते, या तपासण्यांना फार पैसे पडत नाहीत. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत.

प्लग काढायचा तर चावी बंद करून काढायचा. बदललेला जुना भाग नेहमी मागून घ्यायचा. आणि वही ठेवायची. दिवा कधी लागला, पाऊस होता का, रस्ता कसा होता, इंजिन गार होतं की तापलेलं, पेट्रोल किती होतं. मेकॅनिककडे गाडी अर्धा तास असते, चालवणारीकडे ती रोज असते.

शेवटचं. पुढच्या बैठकीत पगारी ड्रायव्हरचा ठराव आम्ही मागे घेतला, आणि तसं इतिवृत्तात लिहिलं. आम्ही ताईची माफी मागितली, तेही लिहिलं. खर्चाच्या नोंदीत ६,२५० रुपये 'तपासणी न करता केलेला खर्च' अशा नावानं टाकले, म्हणजे पुढं जी कोणी वही उघडेल तिला कळेल. ताई एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी आधी वही बघा."

ताई आता गटातल्या दोघींना गाडी शिकवतेय. पहिल्या दिवशी तिनं स्टिअरिंग हातात दिलं नाही. नवी कोरी वही दिली.

भेटू पुढच्या महिन्यात. नमस्कार.