आडात नसेल तर…



पर्यावरण शिकवणाऱ्यांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही माणदेशातल्या एका भूगोल-शिक्षकाला दिलंत. टँकरच्या रांगेत वाढलेल्या माझ्या विद्यार्थ्यांच्या वतीने मी हा मान स्वीकारतो. आजचं बोलणंही त्यांच्याकडूनच शिकलेलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात आठवीतल्या एका मुलाने मला मोबाईलवर माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळातलं त्याचं शेत दाखवलं. दोन बाय दोनचा खड्डा, तिरक्या समोरच्या दोन कोपऱ्यांत एकेक बादली पाणी. त्याने त्यातून बादली भरली, पाणी तेवढंच. दहा वेळा भरली, पाणी तेवढंच. "सर, हे आटतच नाही," तो म्हणाला. त्याच वेळी त्याची आई टँकरचं पाणी फडक्याने गाळून माठात भरत होती.

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपली भाषा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. या खेळातला पोहरा आडाला काही विचारतच नाही. पाण्याचा एक ठोकळा चारी बाजूंना चार-चार ठोकळ्यांपर्यंत रान ओलं ठेवतो आणि स्वतः थेंबभरही कमी होत नाही. ऊस लावायचा तर पाण्याच्या काठालाच लागतो, पण तो पाणी पीत नाही. नुसत्या मुठीच्या ठोशांनी झाडाचं खोड फुटतं आणि हाडांची भुकटी टाकली की रोपाचं क्षणात झाड होतं. पाणी अमर्याद आहे, असं त्या मुलाला कुणी शब्दांनी सांगितलेलं नाही. ते त्याच्या हाताने बादली भरता भरता शिकलेलं आहे. मला धास्ती वाटते ती याची. शब्दांनी शिकवलेलं विसरलं जातं, हाताने शिकलेलं मुरतं.

पण हाच हात उलटा धडाही शिकू शकतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात जेरेमी बेलेन्सन यांच्या प्रयोगशाळेत सन जू आन यांनी केलेला एक प्रयोग २०११मध्ये जाहीर झाला. कागदासाठी झाडं कशी तोडली जातात याचं वर्णन काही जणांना वाचायला दिलं. इतरांच्या डोळ्यांवर आभासी जंगल दाखवणारं उपकरण चढवलं आणि हातात थरथरणारी मूठ दिली. करवत मागे-पुढे ओढत त्यांनी एक झाड स्वतः पाडलं. नंतर संशोधकाने चुकून सांडल्यासारखं दाखवत पाणी सांडलं आणि पुसायला मदत मागितली. ज्यांच्या हातून झाड पडलं होतं, त्यांनी वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी कागदी रुमाल वापरले. झाड खोटं होतं. मनगटाला जाणवलेली थरथर खरी होती.

दुसरं उदाहरण चीनचं. अलीपे या पैसे देण्याच्या ॲपमध्ये २०१६ साली 'अँट फॉरेस्ट' सुरू झालं. चालत गेलात, बसने गेलात, बिलं ऑनलाइन भरलीत, की वाचलेल्या कार्बनचे ग्रॅम 'हरित ऊर्जा' म्हणून खात्यात जमतात आणि पडद्यावरचं रोप वाढतं. वेळेत वेचली नाही तर मित्र ती ऊर्जा पळवतात, म्हणून लोक सकाळी उठल्या उठल्या आधी तिथे डोकावतात. १७.९ किलो जमले की सॅक्सॉल नावाचं एक खरं झुडूप वाळवंटी भागात लावलं जातं. २०१९मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यात ५० कोटी लोक होते आणि १२ कोटींवर झाडं लागली होती. यातली मेखही सांगायला हवी. दुकानात फोनने पैसे दिले तरी तिथे ऊर्जा मिळायची. म्हणजे जास्त खरेदी, जास्त पुण्य! अशा हिशेबाने माणूस झाड लावल्याच्या समाधानात गरज नसलेली वस्तूही घरी आणतो.

म्हणून खेळ बरा की वाईट, या वादात मला पडायचं नाही. खेळाचा हिशेब काय आहे, एवढंच मी विचारतो. त्यात घेतलेल्याची किंमत मोजावी लागते का? आणि पडद्यावरून मातीकडे वाट जाते का?

आमच्या वर्गाने खेळातच असा हिशेब ठेवून पाहिला. मोबाईल कुणाचा काढून घेतला नाही. शेजारी एक वही ठेवली. खेळातल्या खड्ड्यातून काढलेली प्रत्येक बादली वहीत लिहायची, खरा ऊस पाणी जास्त पितो म्हणून उसाच्या नावावर सर्वांत जास्त, आणि दिवसाचा ठरवलेला वाटा संपला की थांबायचं. दोन दिवस भांडणं झाली. आठवड्याच्या आत मुलांनी आपल्या हातांनी ऊस काढून टाकला. मग एका मुलीने विचारलं, "सर, आपल्या गावाची अशी वही कोण लिहितं?"

या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रात आहे. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि पडलेल्या पावसाच्या हिशेबाने पिकं ठरवतं. मी मुलांना तेच सांगितलं. तेव्हापासून दर सोमवारी आमची मुलं शाळेजवळच्या विहिरीत गाठी मारलेली दोरी सोडतात, ओल्या गाठीपर्यंत मोजतात आणि आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात. तो कोपरा कुणी पुसत नाही.

मित्रहो, या संमेलनातून परत जाताना प्रत्येक शाळेने अशी एक दोरी आणि एक वही सुरू करावी, एवढंच माझं मागणं आहे. मुलं खेळणारच आहेत. त्यांच्या पोहऱ्याला आडाची आठवण करून देणं आपल्या हातात आहे.